निलगिरीचे जळण : तोडणीपासून चुलीपर्यंत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यांत गॅस पोहोचून बराच काळ लोटला असला, तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब, परड्यातली चूल, यात्रेच्या जेवणाची कढई आणि ‘चुलीवरचे मटण’ अशी पाटी लावलेले ढाबे यांचे जळणावाचून आजही अडतेच. माळावर आणि शेताच्या बांधावर उभी असलेली निलगिरी हे त्यासाठी सहज हाताशी येणारे झाड आहे. मूळचे हे झाड ऑस्ट्रेलियाचे. भारतात ते अठराव्या शतकाच्या अखेरीस नंदी टेकडीवर प्रथम लावले गेले असे मानतात, आणि पुढे सामाजिक वनीकरणाच्या काळात ते बांधाबांधावर पोहोचले. लाकूड वजनाला जड, वाळल्यावर आच कडक आणि निखारा टिकाऊ, असे सगळे गुण असूनही पहिल्यांदा हात घालणारा माणूस या झाडाला बहुधा नावेच ठेवतो. कुऱ्हाड रुतून बसते, चुलीत धूर फार होतो आणि पावसाळ्यात थप्पीला बुरशी येते, अशा त्याच्या तीन तक्रारी असतात. तिन्हींचे कारण एकच असते, ते म्हणजे चुकलेली वेळ. निलगिरी तोडल्याबरोबर ओलीच फोडावी लागते आणि फोडलेले लाकूड पुरते वाळल्याखेरीज जाळायचे नसते. पुढची सगळी माहिती या दोन गोष्टींभोवतीच फिरते.

ओली का फोडायची, हे लाकडाच्या घडणीवरून कळते. बाभळीचे किंवा आंब्याचे सरळ वाढलेले लाकूड एका घावात उभे चिरते, कारण त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने गेलेले असतात. निलगिरीत मात्र एका थरातले तंतू उजवीकडे पिळलेले, तर त्यावर वाढलेल्या थरातले डावीकडे पिळलेले असतात, त्यामुळे वेणी घातल्यासारखी त्यांची एकमेकांत गुंफण होते. लाकूड ओले असते तोवर पाण्याने भरलेले हे तंतू घावासरशी एकमेकांपासून सुटतात. वाळल्यावर तेच इतके घट्ट आवळले जातात की घण मारूनही पाचर पुढे सरकत नाही. म्हणून ‘आधी ओंडके वाळू देऊ, मग सवडीने फोडू’ हा इतर झाडांना चालणारा हिशेब येथे लावू नये.

हंगाम आणि परवानगी

तोडणीसाठी दिवाळीनंतरचा काळ, म्हणजे साधारणपणे मार्गशीर्ष आणि पौष हे महिने सर्वांत चांगले. जमीन वाळून घट्ट झालेली असते, त्यामुळे ट्रॅक्टर रुतत नाही. हवा कोरडी असते, आणि फोडलेल्या लाकडाला शिमग्याचे ऊन आणि पुढचा सगळा उन्हाळा मिळून पाच-सहा महिने वाळायला मिळतात. मृगाच्या आधी जळण आत गेले पाहिजे, ही मुदत डोळ्यांसमोर ठेवूनच मागे मोजत यावे. अडचण एवढीच की याच दिवसांत ऊसतोडणी जोरात असते आणि गावातले कसलेले हात कोयता घेऊन फडात असतात. त्यामुळे माणसांशी बोलणे दसऱ्यालाच करून ठेवावे.

परवानगीच्या बाबतीत ‘आपल्याच रानातले झाड आहे’ एवढ्यावर थांबू नये. झाडे तोडण्याचे नियमन करणारा महाराष्ट्राचा १९६४ चा कायदा साग, खैर, आंबा, फणस, चिंच, हिरडा, जांभूळ अशा ठरावीक झाडांना लागू आहे आणि त्या यादीत निलगिरी नाही. परंतु झाड महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा लागतो आणि तेथे निलगिरीसाठीही वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. राधानगरी अभयारण्यालगत किंवा वनखात्याच्या हद्दीला चिकटून रान असेल, अथवा लाकूड ट्रॅक्टरमधून गावाबाहेर न्यायचे असेल, तर आधी परिक्षेत्र वन कार्यालयात चौकशी करावी; वाटेत गाडी अडवल्यावर कागद शोधत बसण्यापेक्षा ते सोयीचे. झाड सामाईक बांधावर असल्यास शेजाऱ्याची संमती दोन माणसांसमक्ष घ्यावी. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भांडणे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांत जळणासाठी आणखी एकाची भर नको.

हत्यारे

नवख्या माणसाला लागणारी सामग्री थोडी आहे: एक जड कुऱ्हाड, दोन लोखंडी पाचरी, चार-पाच किलोचा घण, साल सोलायला कोयता, आणि आडवे तुकडे पाडायला दोघांनी ओढायची करवत किंवा चेनसॉ. फोडणीची कुऱ्हाड तोडणीच्या कुऱ्हाडीपेक्षा वेगळी असते, हे दुकानात आवर्जून सांगावे. तोडणीचे पाते पातळ असते, ते निलगिरीत खोल शिरते आणि तेथेच अडकते. फोडणीचे पाते मागे जाड होत गेलेले असावे, म्हणजे ते लाकूड कापण्याऐवजी दोन्हीकडे लोटते. दांडा धामणीचा मिळाल्यास उत्तम, कारण ते लाकूड चिवट असून झटका सोसते. दांडा नेढ्यात सैल झाला असेल, तर तो पाण्यात भिजवून तेवढ्यापुरता घट्ट करण्याची पद्धत सोडून द्यावी; वाळल्यावर तो पुन्हा सुटतो आणि कुऱ्हाडीचे डोके कोणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. नवी लाकडी पाचर ठोकून दांडा नीट बसवावा.

कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारून तिलाच पाचरीसारखे वापरण्याचा मोह हमखास होतो. तसे केल्याने नेढे पसरते आणि कुऱ्हाड कायमची निकामी होते. लोखंडी पाचरीचे डोके घण खाऊन खाऊन चेपते आणि त्याचे काठ बाहेर वळतात; घणाच्या फटक्यासरशी त्या काठांचे कपचे उडतात, म्हणून ते वेळच्या वेळी घासून काढावेत आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय घण उचलूच नये.

अंगावर घट्ट बसणारे कपडे आणि पायांत जाड बूट हवेत. लुंगी, गळ्यातला टॉवेल आणि चप्पल ही तिन्ही घरी ठेवावीत. कोल्हापुरी कितीही भक्कम असली, तरी निसटलेल्या कुऱ्हाडीपुढे तिचा इलाज नाही. चेनसॉ वापरणार असल्यास शिरस्त्राण आणि कानांचे संरक्षणही लागते.

झाड पाडणे

उभे झाड पाडणे हे नवख्याचे काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली एक-दोन वर्षे ते जाणत्या लाकूडतोड्याकडून करून घ्यावे आणि आपण आडव्या पडलेल्या खोडापासून सुरुवात करावी. निलगिरी उंच आणि सडसडीत वाढते, तिचा शेंडा बांधापलीकडच्या तारांपर्यंत पोहोचतो, आणि कललेले खोड अर्धवट कापल्यावर बुंध्यापासून उभे फाटत वर उसळू शकते. हा धोका या झाडात विशेष आहे, कारण खोडाचा बाहेरचा भाग वाढतानाच ताणलेला आणि आतला भाग दाबलेला असतो.

तरीही पद्धत ठाऊक असावी, म्हणजे पाडणारा नीट पाडतो आहे की नाही हे कळते. ज्या दिशेला झाड पाडायचे त्या बाजूस खोडाच्या जाडीच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल खाच घेतात. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा थोडे वर, आडवा काप देत आणतात आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाइतकी पट्टी न कापता ठेवतात. ही पट्टी बिजागरीचे काम करते आणि झाडाला ठरल्या दिशेने खाली आणते. ती पुरती कापली की झाड कोठेही जाऊ शकते. पाडणाऱ्याने आधीच मोकळ्या करून ठेवलेल्या वाटेने तिरपे मागे सरावे, आणि बाकीच्या माणसांनी झाडाच्या उंचीच्या दुपटीइतके दूर उभे राहावे. जवळून विजेची तार जात असेल, तर महावितरणच्या गावातल्या कर्मचाऱ्याला सांगून प्रवाह बंद केल्याशिवाय करवत लावू नये.

बुंधा जमिनीपासून वीतभर उंचीवर, थोडा उतरता कापावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. निलगिरीला बुंध्यापासून फुटवे येतात. पुढच्या वर्षी त्यांतले दोन सरळ आणि जोमदार फुटवे राखून बाकीचे कोयत्याने काढले, की काही वर्षांनी त्याच बुडख्यावर पुन्हा तोड मिळते.

खोडाचे तुकडे पाडणे

फांद्या आणि डहाळ्या आधी साफ कराव्यात. पाल्यात तेल असते आणि तो वाळला की भडकन पेटतो, म्हणून त्याचा ढीग घर, गंजी आणि लाकडाची थप्पी यांपासून दूर लावावा. साल मात्र त्याच दिवशी सोलावी. ताज्या खोडाची साल कोयत्याच्या टोकाने उचकटली की लांबच्या लांब पट्ट्यांनी निघते. आठवडाभराने तीच चिकटून बसते, आत ओल धरते आणि वाळवीला निमंत्रण देते. या पट्ट्या वाळवून ठेवाव्यात, चूल पेटवायला त्या फार कामाच्या असतात.

तुकड्यांची लांबी ज्यात जाळायचे त्यावरून ठरवावी. चुलीसाठी सव्वा फूट पुरे. बंबाच्या नळीत वरून सोडण्यासाठी वीतभरच हवे. लांबी जितकी कमी, तितकी निलगिरी फोडायला सोपी, म्हणून शंका असेल तेव्हा आखूड कापावे. एक फूट जाडीचा आणि सव्वा फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे तीस किलो भरतो. तो उचलण्यापेक्षा लोळवत न्यावा.

कापताना करवत चिमटून बसणे ही नेहमीची डोकेदुखी आहे आणि ती टाळता येते. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली असते. अशा वेळी वरून जाडीच्या एक तृतीयांश एवढेच कापून उरलेला काप खालून घ्यावा. एकच टोक टेकलेले आणि दुसरे हवेत असेल, तर उलट करावे, म्हणजे आधी खालून एक तृतीयांश आणि मग वरून. चेनसॉच्या पट्टीचे टोक, विशेषतः त्याचा वरचा भाग, लाकडाला लागू देऊ नये, कारण तेवढ्याने यंत्र क्षणार्धात तोंडाकडे उसळते. साखळीला धार आहे की नाही हे भुशावरून ओळखावे: पापुद्र्यांसारखा जाड भुसा पडत असेल तर धार आहे, पिठासारखा बारीक पडू लागला की थांबून कानस मारावी.

तुकडा पडल्यावर काही वेळातच त्याच्या कापलेल्या तोंडावर, गाभ्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेल्या बारीक भेगा दिसू लागतात. लाकूड खराब निघाले असे समजून यावर हळहळू नये. आतला ताण सुटल्याची ती खूण आहे, आणि फोडणी कोठून सुरू करायची हे त्या भेगाच सांगतात.

फोडणी

फोडण्यासाठी ओंडका जमिनीवर ठेवू नये. घाव चुकला की कुऱ्हाड दगडावर जाते किंवा पायावर येते. बाभळीचा एक रुंद, गुडघ्यापेक्षा कमी उंचीचा ठोकळा पक्का रोवून घ्यावा आणि त्यावर ओंडका उभा करावा. गाठ असलेले टोक खाली आणि भेगा पडलेले टोक वर ठेवावे. पाय खांद्याइतके फाकवून सरळ समोर उभे राहावे, एक पाय पुढे टाकू नये. कुऱ्हाड डोक्यावरून खाली येताना गुडघे किंचित वाकवावेत, म्हणजे घाव हुकलाच तरी पाते ठोकळ्यात जाते. जोर दंडात नसून कुऱ्हाडीच्या वजनात असतो, आणि हे अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात.

बहुतेक जण पहिला घाव ओंडक्याच्या मध्यावर घालतात. निलगिरीत तो वाया जातो: पाते दोन बोटे रुतते आणि ओंडका कुऱ्हाडीसकट उचलावा लागतो. येथे कडेकडेने जावे. बाहेरच्या काठापासून दोन-तीन बोटे आत, काठाला समांतर असा घाव घालावा, म्हणजे एक चपटी ढलपी सुटते. मग ओंडका थोडा फिरवून शेजारची ढलपी काढावी. अशा रीतीने चारी बाजू उतरवत गेले की मध्ये चौकोनी गाभा राहतो आणि तो मधोमध घाव घातला तरी सहसा फुटतो. या पद्धतीने वेळ अधिक जातो असे वाटते, पण रुतलेली कुऱ्हाड हलवून हलवून काढण्यात जाणारा वेळ धरला, तर ती कमी वेळात होते.

एक फुटापेक्षा जाड ओंडक्याला पाचरी लावाव्यात. तोंडावरची सर्वांत रुंद भेग निवडून तिच्या बाहेरच्या टोकाला पहिली पाचर हलक्या ठोक्यांनी उभी बसवावी आणि हात काढून घेतल्यावरच घणाचा पूर्ण फटका मारावा. फटके बसत असताना ओंडक्याच्या अंगाकडे लक्ष द्यावे. भेग खाली उतरू लागली की तिच्या कडेने पाणी पाझरते, औषधी तेलाचा वास येतो, आणि लोखंडाचा टणटणीत आवाज बदलून घोगरा होतो. आवाज बदलत नसेल आणि पाचर नुसतीच आत जात असेल, तर मारणे थांबवून दुसरी पाचर त्याच भेगेच्या पुढच्या भागात लावावी. ती गेली की पहिली आपोआप सैल होते. ओंडका दोन फाकांत उघडला, तरी आडवे गेलेले तंतू दोन्ही फाकांना धरून राहतात. हातांनी ओढून ते तोडायला जाऊ नये, फटीत बोटे सापडतात. ओंडका आडवा करून हे तंतू कुऱ्हाडीच्या धारेने कापावेत.

फांदी फुटलेल्या जागेचे दोन-चार ओंडके कशालाच दाद देत नाहीत. त्यांच्यावर सकाळ घालवण्यात अर्थ नाही. ते करवतीने आणखी आखूड कापावेत किंवा यात्रेच्या मोठ्या चुलवणासाठी तसेच बाजूला ठेवावेत. एकाच वेळी पाच-सहा झाडे तोडायची असतील, तर ट्रॅक्टरवर चालणारे हायड्रॉलिक फोडणी यंत्र भाड्याने मिळते का ते पाहावे, एक-दोन झाडांना हातच पुरे. चेनसॉने तुकडे पाडले, तर एका दिवसात जेवढे तुकडे पाडले तेवढे त्याच दिवशी किंवा फार तर त्या आठवड्यात फोडून व्हावेत, या बेताने तुकडे पाडावेत.

ढलप्या मनगटापेक्षा थोड्या जाड, म्हणजे तीन-चार इंचांच्या ठेवाव्यात. त्याहून जाड लाकूड मृगापर्यंत आतून वाळत नाही.

वाळवण आणि थप्पी

ताज्या निलगिरीच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असते. ते चुलीतच उडवायचे ठरवले, तर दर किलो पाण्यामागे सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता नुसती वाफ करण्यात जाते. भांड्याला आच लागत नाही आणि स्वयंपाकघर धुराने भरते. वाळवण म्हणजे हे पाणी उन्हावाऱ्याकडून फुकट काढून घेणे.

थप्पीसाठी जागा मोकळी, वारा खेळणारी आणि घराच्या भिंतीपासून थोडी दूर असावी. खाली दगड किंवा विटा मांडून त्यांवर दोन आडव्या बल्ल्या टाकाव्यात, जमिनीपासून वीतभर अंतर राहील असे पाहावे. त्यावर ढलप्या एकाच दिशेने, मध्ये हवा जाईल इतक्या सैल रचाव्यात. कंबरेपेक्षा फार उंच थप्पी लावू नये, कारण लाकूड वाळताना आकसते आणि थप्पी एका अंगाला कलते. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळणे ही सर्वांत मोठी चूक आहे. आतली वाफ आतच कोंडते आणि बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेवढ्यापुरते वर पत्रा किंवा ताडपत्री टाकावी आणि बाजू उघड्या ठेवाव्यात.

जिल्ह्याच्या दोन टोकांना हा हिशेब थोडा बदलतो. शिरोळ-हातकणंगल्याकडे पाऊस कमी आणि ऊन भरपूर, त्यामुळे माघात फोडलेले लाकूडही वेळेत वाळते. गगनबावड्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे पौषापुढे फोडणी लांबवू नये आणि मेच्या मध्यालाच जळण छपराखाली घ्यावे.

लाकूड वाळले की नाही हे ठरवण्याचा खात्रीचा उपाय वजनाचा आहे. फोडणीच्या दिवशीच थप्पीतल्या दोन-तीन ढलप्यांवर खूण करून त्यांचे वजन करावे आणि ते त्यांच्यावरच खडूने लिहून ठेवावे. दर पंधरवड्याला त्याच ढलप्या काट्यावर घालाव्यात. दोन किलोची ढलपी सव्वा किलोच्या आसपास आली आणि वजन उतरणे जवळजवळ थांबले, की लाकूड जाळण्याजोगे झाले. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का, हेही पाहतात. पण नुसत्या आवाजावर विसंबू नये, कारण वरून वाळलेली आणि आतून ओली ढलपीही कधी कधी चांगली वाजते.

हाच हिशेब वखारीतून जळण घेणाऱ्यालाही उपयोगी आहे. वजनावर ओले लाकूड घेतले, तर निम्मे पैसे पाण्याचे जातात. ओलेच घ्यायचे तर ते हिवाळ्यात, भाव पाडून आणि फोडलेलेच घ्यावे. न फोडलेले ओंडके वर्ष झाले तरी आतून ओले राहतात आणि तोवर ते फोडण्याच्या पलीकडे गेलेले असतात.

थप्पीत हात घालण्यापूर्वी काठीने ढलप्या हलवून पाहाव्यात, कारण फुरसे, मण्यार आणि विंचू यांना ही जागा आवडते. संध्याकाळी लागणारे जळण उजेड असतानाच काढून ठेवावे. सर्पदंश झालाच, तर मांत्रिकाकडे किंवा जखम चिरण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून शासकीय रुग्णालय गाठावे.

चुलीत घालताना

निलगिरीच्या जाड ढलपीला काडी लावून ती पेटत नाही. खाली शेणीचा तुकडा आणि सालीच्या वाळक्या पट्ट्या, त्यावर बोटभर जाडीच्या काटक्या, आणि त्या चांगल्या धडधडल्यावर ढलप्या असा क्रम ठेवावा. ओला पाला पेटवणीला वापरू नये, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. एकदा निखारा धरला की दोन-तीन ढलप्यांवर बराच वेळ काम निघते. भाकरी भाजताना मात्र ही आच कडक पडते, म्हणून जाळ पुढे ओढून तवा निखाऱ्यावर ठेवावा. धुराड्यात काजळीचा थर चकचकीत आणि डांबरासारखा चिकट दिसू लागला, तर जळण अजून ओले आहे असे समजून धुराडे झाडून घ्यावे आणि ती थप्पी आणखी महिनाभर उन्हात ठेवावी.